कोल्हापुरात राहून जगातल्या संकटात सापडलेल्या मुलांसाठी काय करता येईल?

तुम्ही विचारलंय की युद्ध-दुष्काळातल्या मुलांसाठी इथून जुने कपडे, बिस्किटं, खेळणी गोळा करून पाठवावीत की पैसे द्यावेत, आणि दिलेलं खरंच पोहोचतं का.

पैसे द्या. २०१९च्या महापुरात शिरोळ तालुक्यात आम्ही मदतीच्या गाड्या उतरवून घेत होतो. कुठून कुठून लोक धावून आले, ते ऋण फिटणारं नाही. पण जुन्या कपड्यांचे ढीग व्हरांड्यात भिजत पडले, ते निवडायला माणसं गुंतली, आणि आत बाळंतीण बाई गरम जेवणाची आणि पॅडची वाट बघत होती. आपल्याच जिल्ह्यात हे होतं, तर इथून सुदानला निघालेल्या पोत्याचं काय होईल? त्याच्या भाड्यात तिथल्या बाजारातून कितीतरी जास्त सामान येतं. बाजार चालू असेल तर कुटुंबाच्या हातात थेट रोख रक्कम देणं सगळ्यात चांगलं. घरात काय संपलंय हे आईला कळतं.

मुलांना जगवणाऱ्या गोष्टी फार साध्या असतात. १९७१मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून नातेवाइकांकडूनच रुग्णांना पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज आपण मेडिकलमधून ओआरएसची पुडी सहज आणतो, तिच्यामागे ही छावणी आहे.

तसंच कुपोषणाचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर मूल धोक्यात. मग त्याला शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घातलेलं पाकीट सुरू करतात. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी. शिजवायला नको, पाण्यात कालवायला नको, त्यामुळे दूषित पाण्याची भीती नाही. दुसरा मोठा आजार नसेल तर बहुतेक मुलं घरीच काही आठवड्यांत सावरतात.

म्हणून ‘पगारावर, ऑफिसवर किती खर्च होतो’ या एकाच आकड्यावर संस्था जोखू नका. दंड मोजणारी नर्स आणि गाडी चालवणारा ड्रायव्हर नसेल तर ते पाकीट गोदामातच राहतं. त्यापेक्षा वार्षिक अहवालात लेखापरीक्षित हिशेब आहे का, कुठे काय केलं ते नेमकं लिहिलंय का, हे बघा.

आणि एकदा महावीर उद्यानातलं पोलिश लोकांचं स्मारक जाऊन बघाच. १९४० साली सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सायबेरियात नेली. सुटका झाल्यावर त्यातले हजारो जण इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. तिथे डोक्यावर छप्पर होतंच, पण पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकं व्हायची. पोरं आयांजवळ राहिली, शिकली, मोठी झाली. मला मदतीचा याहून चांगला नमुना माहीत नाही. पुढे त्याच जागेत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर ते हेच.

आता व्यवहाराचं. भारतातल्या संस्थेला दिलेला पैसा बहुधा भारतातल्याच मुलांवर खर्च होतो. त्यात वाईट काही नाही, पण देण्याआधी विचारून घ्या. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी द्या, कारण बातम्या थांबल्या की देणगी आटते आणि छावणी मात्र वर्षानुवर्षं तिथेच असते. देणगीवर आयकरात सवलत (८०जी) हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नका, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही हेही लक्षात ठेवा.