वाचकांचे प्रश्न : फवारणीचं विमान, ड्रोन आणि रानातली तार

प्रश्न : परदेशात फवारणीचं विमान शेतात कोसळून वैमानिक दगावल्याची बातमी वाचली. इतक्या कमी उंचीवरून पडूनही माणूस का वाचत नाही? यंदा उसावर तांबेऱ्यासाठी ड्रोनने फवारणी करून घ्यायची आहे. रानातून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) विजेची लाईन गेली आहे. आम्हाला धोका कितपत?
– एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका (सांगली)

उत्तर : उंची कमी असते, म्हणूनच वाचत नाही. ही विमानं पिकावरून जेमतेम ३-४ मीटरवर, ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातात. म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. तार १०० मीटरवर दिसली, तरी हाती दोन सेकंदही नसतात. मागे झाडी किंवा समोर सकाळचं ऊन असलं, की तार दिसतच नाही. म्हणून जाणता वैमानिक तार शोधत नाही, खांब शोधतो. आणि वाईट म्हणजे, तार आहे हे आधी ठाऊक असूनही विमान तिच्यात गेल्याचं अशा अपघातांच्या तपासात वारंवार आढळलं आहे. राहिलेला कोपरा मारताना लक्ष पिकावर जातं, तार विसरते.

दुसरं कारण वळण. बांधाशी विमान वर ओढून परत फिरवावं लागतं. ६० अंश कलतं वळण घेतलं, तर हवेत टिकायला लागणारा किमान वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. औषधाची टाकी भरलेली असली तर आणखी. वेग त्याखाली गेला की पंख उचल सोडतो आणि सावरायला खाली जागा नसते. एअर ट्रॅक्टर ८०२ या फवारणीच्या विमानाच्या टाकीत सुमारे ३,००० लिटर मावतं. अडचणीत ते ओझं काही सेकंदांत खाली सोडायची सोय असते. टाकी वैमानिकाच्या पुढे ठेवतात ती आदळल्यावर त्याच्या अंगावर येऊ नये म्हणून.

तुमच्या रानात माणूस हवेत नाही, पण तार तीच आहे. फवारणीच्या आदल्या दिवशी चालकासोबत रान पायी फिरा. वाढलेल्या उसात खांबाचा ताण, म्हणजे खांबाला ओढून धरणारी तिरकी तार, झाकला जातो. तिथे बांबूला लाल फडकं बांधा. लाईनच्या दोन्ही बाजूंचा पट्टा ड्रोनला देऊच नका, तो पंपाने मारा. सर्वांत जास्त चूक होते ती ‘रिटर्न टू होम’ची. बॅटरी उतरली किंवा सिग्नल तुटला, की ड्रोन ठरवलेल्या उंचीवरून सरळ माघारी येतो. ती उंची तारेपेक्षा आणि नारळापेक्षा बरीच वर ठेवली आहे ना, हे पहिल्या उड्डाणाआधी स्वतः पडद्यावर बघा. चालकाचं रिमोट पायलट प्रमाणपत्रही मागा; ड्रोन नियम २०२१ नुसार ते लागतं.

प्रश्न : ड्रोन तारेला अडकला किंवा उसात पडला, तर?
– एक वाचक, कराड

उत्तर : अडकला तर बांबूने काढू नका. लाईट गेलेली असली तरी तार मेली असं धरू नका. १९१२ वर कळवा, वायरमन पुरवठा बंद करून देईल तेव्हाच हात लावा. उसात पडला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाने, हातमोजे घालून जा. पंपाने एकरी २०० लिटर पाण्यात जाणारं औषध ड्रोनच्या १० लिटरमध्ये असतं, म्हणजे द्रावण वीसपट तीव्र. अंगावर सांडलं तर कपडे तिथेच उतरवून साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना बाटलीचं लेबल न्या. फुगलेली बॅटरी पाचटात राहू देऊ नका. धूर नसेल तरच लांब दांड्याच्या फावड्याने मोकळ्या मातीवर ओढा. धुरत असेल तर लांब उभे राहून भोवतालचं पाचट भिजवा.