फॉर्म आत्ता भर, थांबायचं जूनमध्ये ठरवू

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी काल ओपीडी आटोपता आटोपता आशाताईंनी हातात दिली. ‘मॅडम, यंदा फॉर्मच भरत नाही, वर्षभर नागपूरला राहून तयारी करते’, असं तू नीटबद्दल, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेबद्दल, लिहिलंस. बाबाही म्हणतात, ‘काहून घाई करून राहिली?’ रात्री जेवण झाल्यावर चिठ्ठी पुन्हा वाचली, आणि लगेच लिहायला बसले.

तू दोन गोष्टी एकाच गाठीत बांधल्यास. फॉर्म न भरणं वेगळं आणि एक वर्ष थांबणं वेगळं. थांबायला माझी हरकत नाही, मी स्वतः थांबले होते. पण फॉर्म भर. नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत, एवढंच. यंदा मार्क कमी पडले तरी पुढच्या वर्षी त्याचा कुणी हिशेब मागत नाही. उलट परीक्षाच दिली नाहीस तर बीएएमएसचं, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीचं, दारही यंदापुरतं बंद होतं, कारण तिथंही नीटचाच स्कोअर लागतो. २०२५ साली फॉर्मची फी खुल्या वर्गाला १७००, ओबीसीला १६०० आणि एससी-एसटीला १००० रुपये होती. बाबांना ही रक्कम लहान नाही, मला कळतं. पण त्या पैशात १८० मिनिटांत १८० प्रश्नांचा खरा पेपर आणि नंतर स्वतःच्या ओएमआरची, म्हणजे गोळे भरलेल्या उत्तरपत्रिकेची, प्रत हाती येते. थांबायचं की नाही, ते त्या कागदावर बोट ठेवून ठरवायचं. आज फेब्रुवारीत तू ठरवते आहेस ते भीतीपोटी.

माझं सांगते. २००३ साली बारावी झाली तेव्हा नीटऐवजी राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी होती. मार्क कमी पडले आणि मी नागपूरला खोली घेऊन राहिले. क्लासवाल्यांनी रिपीटर्सची वेगळी बॅच केली आणि तेच धडे त्याच क्रमाने पुन्हा शिकवले. मला जीवशास्त्र आवडायचं, म्हणून दिवाळीपर्यंत मी जीवशास्त्रच वाचत बसले. वह्या सुंदर झाल्या होत्या, तीन रंगांच्या पेनांनी आकृत्या काढल्या होत्या. फिजिक्सचं पुस्तक मात्र उशाशी नुसतं पडून असायचं. नोव्हेंबरात खोलीतल्या एका ताईनं एक गणित मोठ्यानं सोडवून दाखव म्हणून बसवलं. उतारावरून घसरणारा ठोकळा, साधंच गणित. वजनाचे दोन घटक कसे पाडायचे तिथंच मी अडले. ते तर अकरावीचं! आमच्या कॉलेजात फिजिक्सची जागा अकरावीभर रिकामी होती आणि ‘अकरावी आरामाची’ म्हणून मीही ती तशीच सोडली होती. त्या रात्री मी अकरावीचं पुस्तक पहिल्या पानापासून काढलं. माझं वर्ष तिथून सुरू झालं, जून ते नोव्हेंबर फुकट गेले.

नीटमध्ये अकरावी आणि बारावी दोन्ही येतात. फिजिक्सचे ४५ प्रश्न, बरोबर आला तर चार मार्क, चुकला तर एक वजा. म्हणून जूनमध्ये निकाल लागला की चुकलेला एकेक प्रश्न वहीत उतरव आणि शेजारी खरं लिही: येतच नव्हता, येत होता पण घाई केली, की अंदाजानं गोळा भरला. ‘येतच नव्हता’ची रांग दोन-चार धड्यांत साचलेली दिसली, तर थांब. मी बाबांशी बोलायला येते. ती सगळ्या पुस्तकभर पसरलेली दिसली, तर आपल्याला बसून दुसरं बोलावं लागेल, आणि तेही मी मोकळेपणानं बोलेन.

थांबायचं ठरलं तर कुठं, हा प्रश्न मुलीसाठी फार मोठा आहे. ड्रॉप घेऊन, म्हणजे वर्षभर थांबून, घरी राहिलेली मुलगी सगळ्यांना रिकामी दिसते. सोयाबीन काढणी आली की आई वावरात, म्हणजे भाकरी तुझ्याकडे. पाठोपाठ कापूस वेचणी, ती थेट संक्रांतीपर्यंत. मजूर मिळत नाहीत, मग ‘दोन दिवस चाल ना माय’ म्हणतात, आणि ते दोनाचे वीस होतात. मधेच पाहुणे येतात, ‘पोरगी काय करते मग?’ विचारतात. यात आईचा दोष नाही, ती स्वतः पहाटे चारला उठते. पण असं वर्ष अभ्यासाचं नसतं. नागपूर झेपत नसेल तर तालुक्याला मावशीकडे राहा आणि दिवसभर अभ्यासिकेत बस. तेही जमणार नसेल तर थांबू नकोस, असं मी स्पष्ट सांगेन.

फीच्या धास्तीनं बाबा मागं सरत असतील तर त्यांना सांग, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींची शिक्षण फी राज्य सरकार भरतं. शिवाय त्याच साली अमरावती, वाशीम, बुलढाणा, भंडारा आणि गडचिरोलीला नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. माझ्या वेळी यातलं एकही नव्हतं.

आणि एक काम आजपासूनच. जात वैधता प्रमाणपत्राची फाईल टाकली का? आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, वंशावळ, हे गोळा करायलाच महिने जातात. माझ्या मावसभावाला मार्क पुरेसे होते, पण फाईल टेबलावर पडून राहिली आणि जागा दुसऱ्याला गेली. तो अजूनही त्यावर बोलत नाही. नॉन-क्रीमीलेयर आणि डोमिसाईलचे दाखलेही काढून ठेव.

बुधवारी बाजार असतो, ओपीडी तुंबलेली असते. गुरुवारी दुपारनंतर ये. दहावीची सनद, आधार, फोटो आणि बाबांचा मोबाईल आण, ओटीपी त्यावरच येईल. फॉर्म इथंच बसून भरू. बाबांनाही घेऊन ये, चहा पिऊन जातील.

तुझी,
डॉक्टर मॅडम