नुसती हेल्वेटिका लावून लोगो होत नाही
लोगो शिकायला घेतलायस, तर हेल्वेटिका या फॉन्टचा नाद थोडे दिवस सोड. 1957 मध्ये माक्स मीडिंगर यांनी एडुआर्ड हॉफमन यांच्या देखरेखीखाली हास या छपाईची अक्षरं बनवणाऱ्या स्विस फाउंड्रीसाठी ती काढली. तेव्हा ती नोये हास ग्रोटेस्क होती, हेल्वेटिका हे नाव 1960 चं. आज बरेच टेक लोगो त्याच वळणाचे दिसतात, म्हणून नवखी मुलं नाव टाइप करतात आणि काम झालं असं समजतात. माझ्या मते स्विस मंडळींकडून घ्यायची खरी गोष्ट म्हणजे मोकळ्या जागेचा हिशोब.

अमेरिकन एअरलाइन्सचा 1967 चा लोगो मोठा करून बघ. तो करणारे मासिमो विन्येली इटालियन, काम न्यूयॉर्कमध्ये, पण शिस्त स्विस. दोन शब्दांमध्ये जागाच सोडलेली नाही. एक लाल, एक निळा, रंग बदलला की शब्द बदलला. 2013 पर्यंत टिकला तो! फेडेक्सच्या 1994 च्या लोगोत ई आणि एक्सच्या मधल्या पांढऱ्या जागेत बाण आहे. तो आयत्या फॉन्टमध्ये नव्हता. डिझायनर लिंडन लीडर यांनी युनिव्हर्स आणि फ्युचुरा या फॉन्टची वैशिष्ट्यं एकत्र करून अक्षरं नव्याने बांधली.

तू सुरुवातीला रंग बंदच ठेव. काळ्यात प्रिंट काढ, कागद उलटा धर आणि फक्त फटी बघ. सॉफ्टवेअरच्या कर्निंगवर, म्हणजे ते अक्षरांमध्ये आपोआप सोडतं त्या जागेवर, विसंबू नकोस. देवनागरी लोगो करताना शिरोरेघ वरून सगळं जोडते, तेव्हा फटी रेघेखाली तपासायच्या.