ए, ई, आय, ओ, यू नसलेले पाच लेटरचे इंग्रजी शब्द

धरमपेठेतल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या आणि त्यांचा नववीतला मुलगा रोज वर्डल खेळतात. पाच लेटरचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. परवा पाचही स्वर बाद झाले आणि दोघंही अडले. असे शब्द कोणते, त्यांचे अर्थ काय, आणि स्वरच नाही तर ते उच्चारायचे कसे?

उच्चाराचं आधी सांगतो. ‘इंग्रजीत पाच स्वर’ हे शाळेतलं वाक्य लेटरांपुरतं खरं आहे. ध्वनी मोजले तर इंग्रजीत वीसेक स्वर भरतात. देवनागरीत चिन्ह आणि ध्वनी जवळजवळ जोडीनं चालतात, म्हणून हा फरक आपल्या पटकन ध्यानात येत नाही. ताईंना हव्या असलेल्या शब्दांत स्वर असतोच, फक्त तो वायनं लिहिलेला असतो.

हा वाय मुळात ग्रीकांचा. त्यांच्या उप्सिलॉन या चिन्हाचा ध्वनी ओठ गोल करून म्हटलेल्या ‘ई’सारखा होता. तो लॅटिनमध्ये नव्हता, म्हणून ग्रीक शब्द लिहिण्यासाठी रोमनांनी ते चिन्हच उचललं. फ्रेंच लोक वायला आजही ‘इग्रेक’, म्हणजे ग्रीक आय, म्हणतात. त्यामुळे वाय मधे असेल आणि सोबतीला पीएच, सीएच, टीएच, पीएस किंवा आरएच असेल, तर शब्द बहुधा ग्रीकमधून आलेला असतो. खेळताना ही खूण फार उपयोगी पडते.

आता शब्द. माझा सर्वात आवडता निम्फ, एन-वाय-एम-पी-एच. ग्रीकमध्ये याचा अर्थ नवरी किंवा उपवर मुलगी, आणि त्यावरून झरे, नद्या, झाडं यांत राहणारी देवता. कोशांत ‘अप्सरा’ असा अर्थ मिळतो, पण मला आपल्या पाणवठ्यावरच्या साती आसरा जास्त जवळच्या वाटतात. कीटकशास्त्रात मात्र निम्फ म्हणजे कोश न करता वाढणाऱ्या किडीचं पिल्लू: टोळाचं, झुरळाचं, चतुराचं. संत्र्याच्या कोवळ्या नवतीतून रस शोषणाऱ्या सायला किडीची पिल्लं म्हणजे निम्फच. काटोल-नरखेडकडच्या बागायतदारांना ती वेगळी सांगायला नकोत.

त्याच्याच शेजारचा लिम्फ, एल-वाय-एम-पी-एच. म्हणजे लसिका, शरीरातला तो फिकट द्रव. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ स्वच्छ पाणी.

पिग्मी, पी-वाय-जी-एम-वाय, म्हणजे फार ठेंगणा. ग्रीकमध्ये कोपरापासून बंद मुठीपर्यंतच्या लांबीला जो शब्द होता, त्यातून हा आला. बर्डीवरच्या दुकानदाराला पिग्मी म्हटलं की रोजची बचत गोळा करणारा एजंट आठवेल. सिंडिकेट बँकेनं 1928 साली ही छोट्या ठेवींची योजना काढली, आणि तिच्या नावात वायच्या जागी आय आहे. इंग्रजीत दोन्ही स्पेलिंगं चालतात, पण आय बाद झाला असेल तर अर्थातच वायवालं घ्यावं.

जिप्सी, जी-वाय-पी-एस-वाय, पेंच-ताडोबाला जाणाऱ्या कुणालाही गाडीमुळे ठाऊक आहे. हा ‘इजिप्शियन’चा तुटका अवशेष. युरोपात भटकणारे रोमा लोक इजिप्तहून आले असा तिथल्या लोकांचा समज होता. प्रत्यक्षात त्यांची भाषा आपल्याच कुळातली: त्यांच्यात दोनला दुय, तीनला त्रिन आणि दहाला देश म्हणतात. अनेक रोमांना जिप्सी हा शब्द अपमानास्पद वाटतो, तेव्हा कोड्यात जरूर वापरा, माणसांसाठी टाळा.

मर, एम-वाय-आर-आर-एच, म्हणजे बाळंतिणीच्या औषधांत येणारा हिराबोळ. सेमिटिक भाषांतल्या ‘कडू’ अर्थाच्या धातूतून तो ग्रीकमध्ये गेला. क्रिप्ट, सी-आर-वाय-पी-टी, म्हणजे चर्चखालचं तळघर. मूळ अर्थ लपलेलं, म्हणूनच क्रिप्टो. ग्लिफ, जी-एल-वाय-पी-एच, म्हणजे कोरलेलं चिन्ह.

ट्रिस्ट, टी-आर-वाय-एस-टी, ग्रीक नाही. हा फ्रेंचमधून आलेला, शिकारीत दबा धरून उभं राहण्याच्या ठरलेल्या जागेसाठीचा शब्द. पुढे ठरवून झालेली, बहुधा प्रेमिकांची भेट. ऑगस्ट 1947 मधल्या नेहरूंच्या भाषणानं तो आपल्याकडे घरोघरी पोचवला. जुन्या इंग्रजी लिखाणात आय आणि वाय सर्रास एकमेकांच्या जागी यायचे, तसा इथला वाय राहून गेला.

बाकीचे भराभर: लिंच (एल-वाय-एन-सी-एच, जमावानं ठार मारणं, अमेरिकेतल्या एका आडनावावरून), साइक (पी-एस-वाय-सी-एच) आणि सिंथ (एस-वाय-एन-टी-एच) ही संक्षिप्त रूपं, आणि ड्रायली, शायली, स्लायली, रायली ही ‘एल-वाय’वाली क्रियाविशेषणं. रायलीची सुरुवात डब्ल्यू-आरनं होते, डब्ल्यूचा उच्चार नाही.

वर दिलेल्या प्रत्येक शब्दात वाय दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी आहे. पाच स्वर गेले की पहिला प्रयत्न तिथेच करावा.

वायही नसलेला एक शब्द मोठ्या कोशांत सापडतो, तो क्रूथ: सी-आर-डब्ल्यू-टी-एच. गजानं वाजवायचं हे वेल्समधलं जुनं तंतुवाद्य. वेल्श भाषेत डब्ल्यू हा स्वरही असतो, त्याचा उच्चार ‘उ’ किंवा ‘ऊ’. रोजच्या कोड्यात तो येण्याची शक्यता मला वाटत नाही, पण स्क्रॅबल खेळत असाल तर लक्षात ठेवा.