मुंबईत घडणारी सायन्स फिक्शन अ‍ॅक्शन पटकथा लिहायची आहे, सुरुवात कुठून करू?

आधी नियम, मारामारी नंतर. एकच अशक्य गोष्ट घ्या आणि तिची किंमत ठरवा. समजा, नायकाला ओव्हरहेड वायरमधली वीज अंगात ओढता येते. लोकलच्या वायरीत २५,००० व्होल्ट. त्याने ती ओढली की दादरजवळ गाडी ठप्प, पंखे बंद, दारातली गर्दी घामाघूम होऊन शिव्या घालतेय. म्हणजे त्याच्या प्रत्येक ठोशामागे हजारो माणसं अडकणार. सीन इथे उभा राहतो.

‘तुफान हाणामारी होते’ एवढंच लिहू नका (मीही लिहायचो). दाराच्या दांड्याला कोण लटकलंय, कुणाची चप्पल रुळांवर पडली, ते लिहा. छोट्या ओळी, वर्तमानकाळ. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट.

निर्मात्याला पाठवण्याआधी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन पटकथेची नोंदणी करा. ऑनलाइन होते.