वाचकांचे प्रश्न : राजांच्या हाती फासे

प्रश्न : सतराव्या-अठराव्या शतकांतील डच छापील चित्रांत राजे आणि सेनापती पटाभोवती बसून फासे टाकताना किंवा पत्ते खेळताना दिसतात. राज्यकर्त्यांवर टीका करण्यासाठी चित्रकारांनी खेळच का निवडला?

उत्तर : याचे एक कारण खुद्द डच भाषेत सापडते. फासे आणि सोंगट्यांच्या एका लोकप्रिय खेळाला तेथे ‘फेरकेर’ म्हणत, आणि त्याच धातूचा अर्थ पालटणे, बदलणे असाही होतो. अ‍ॅमस्टरडॅमचा कवी ब्रेडेरो (१५८५–१६१८) याचे ‘पालटूही शकते’ या अर्थाचे ब्रीदवाक्य सर्वपरिचित होते. त्यामुळे त्या पटावर बसलेला राजा पाहताच, डाव उलटणार हे प्रेक्षकाला खाली एक ओळही न वाचता कळे. आपल्याकडेही फासे उलटे पडतात, म्हणून हा विनोद मराठी वाचकाला फारसा परका वाटू नये.

दुसरे कारण असे की खेळाचे नियम सर्वांना पाठ असतात. हंसाचा पट म्हणजे फाशांच्या दानाप्रमाणे सोंगटी पुढे सरकवण्याचा युरोपातील खेळ. त्यात ६३ घरे असतात. ३१व्या घरातील विहिरीत पडलेला खेळाडू दुसरा कोणी तेथे येईपर्यंत अडकून राहतो आणि ५८व्या घरातील मृत्यू त्याला थेट आरंभी परत पाठवतो. असा पट राजकारणासाठी वापरला की कोणाला कोणत्या घरात बसवले एवढ्यानेच टीका पुरी होते.

तथापि माझ्या मते सर्वांत बोचरे उदाहरण पटाचे नसून पत्त्यांचे आहे. १७२० मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडमागोमाग हॉलंडमध्येही कंपन्यांच्या समभागांचे वेड पसरले, रॉटरडॅमपासून अनेक शहरांनी कंपन्या काढल्या, आणि हाती माल नसताना चाललेल्या या सौद्यांना लोक ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणू लागले. फुगा फुटल्यावर त्याच वर्षी ‘मूर्खपणाचे भव्य चित्र’ अशा अर्थाच्या नावाचा एक जाडजूड चित्रसंग्रह निघाला. फ्रान्समधील समभागांच्या योजनेचा कर्ता जॉन लॉ त्यातील टवाळीचे मुख्य लक्ष्य होता. त्या संग्रहातच उपहासदेव मोमुसच्या नावाचा पत्त्यांचा संच आढळतो, आणि त्याला ‘एप्रिल’चे पत्ते म्हटले आहे, म्हणजे सौदागरांना एप्रिल फूल आधीच करून झालेले होते. (हा शेलकेपणा मला विशेष आवडतो.) इतर खेळांच्या चित्रांत राजा निदान खेळाडू तरी असतो, येथे मात्र समभाग घेणारा स्वतःच पान झाला आहे आणि पिसणारे हात दुसऱ्याचे आहेत.