रणगाडे बघून झाले, आता माजी सैनिकांसाठी काय करू?

प्रश्न: मी नगरमध्ये राहते, शाळेतून रिटायर झालेय. आपल्या टँक म्युझियममध्ये आठवड्यातून एकदोन दिवस फुकट काम करायची इच्छा आहे, आणि आसपासच्या गावांत जे म्हातारे फौजी आहेत त्यांच्यासाठीही काहीतरी करायचंय. भाचा म्हणतो मोबाईल घे, मुलाखती काढ, यूट्यूबला टाक. सुरुवात कुठून करू?
— एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर

उत्तर: ताई, म्युझियमचं आधी सांगते. ते लष्कराचं आहे, रणगाडा दलाच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलने 1994 मध्ये उभं केलेलं, त्यामुळे खाजगी संस्थेसारखं फॉर्म भरला आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात बिल्ला असं काही तिथे गृहीत धरू नका. साधा अर्ज लिहा, किती वर्षं शिकवलंत, शाळेच्या सहलींना मराठीत माहिती सांगू शकाल असं स्पष्ट लिहा, तिथल्या ऑफिसात देऊन या आणि उत्तराची वाट बघा, ते हो म्हणोत की नाही, तो त्यांचा अधिकार. तोवर गावातल्या फौजींच्या कामाला फक्त त्या म्हाताऱ्या फौजीची आणि त्याच्या घरच्यांची परवानगी लागते.

शाळांचं काम मात्र खरंच मोठं आहे. पोरं येतात, पॅटन रणगाड्यासमोर सेल्फी काढतात, रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीपुढे एकदा "ओह" करतात आणि आइस्क्रीमकडे पळतात. तो पॅटन 1965 ला पाकिस्तानकडून हातात आला, खेमकरणजवळ असल उत्तरला त्यांचे किती रणगाडे चिखलात आणि उसाच्या शेतात अडकून पडले, हे कोणी सांगितलं की त्याच पोरांचे डोळे बदलतात. सेंच्युरियन रणगाड्यापाशी पूना हॉर्सचं सांगा. या एका रेजिमेंटला दोन परमवीर चक्रं आहेत, 1965 चे लेफ्टनंट कर्नल तारापोर, जन्म मुंबईचा, आणि 1971 ला बसंतरच्या लढाईतले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, गेले तेव्हा वय 21. आठवी-नववीच्या मुलांना हे वय सांगितलं की वर्ग आपोआप गप्प होतो, तुम्हाला शिक्षिका म्हणून हे माहीत असेलच.

आता फौजींचं. भाच्याला म्हणावं थांब जरा. मोबाईल समोर धरून "आजोबा, युद्धाचा थरारक अनुभव सांगा" म्हटलं की समोरचा माणूस एकतर सिनेमातलं बोलायला लागतो नाहीतर गप्प होतो. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं, "मी कुठं लढलो ओ, मी वर्कशॉपात होतो." ईएमईवाले (गाड्या-रणगाडे दुरुस्त करणारे), एएससीचे (रसद पोचवणारे) ड्रायव्हर, सिग्नलवाले, लंगरातले, यांना वाटतं आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. अहो पण रणगाडा चालतो तो कोणाच्या जिवावर! रात्रीत इंजिन बाहेर काढून सकाळी परत बसवणारा माणूस तुमच्या तालुक्यात बसलेला असताना म्युझियमला फक्त चाकं आणि तोफ दाखवावी लागते, हे मला तरी पटत नाही. म्हणून माझा आग्रह असा की सुरुवात याच लोकांपासून करा.

विचारताना छोटं विचारा. भरती कुठे झाली, सोबत गावातलं कोण होतं, पहिल्या पगारात काय घेतलं, पलटणीत मराठी बोलणारे किती होते, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, बडा खान्याला, म्हणजे पलटणीच्या मोठ्या जेवणाला, काय असायचं. "किती मारले" हा प्रश्न तुमच्या तोंडून नको आणि सोबत कोणी पोरगं असेल तर त्याच्याही तोंडून नको. ते स्वतःहून तिकडे वळले तर ऐका, मधेच थांबले तर चहाचं विचारा. नंतर घरी येऊन त्याच दिवशी लिहून काढा: नंबर, रँक, युनिट, कुठे, कोणत्या साली, कारण दोन आठवड्यांनी आपल्याच अक्षरात "पठाणकोट की पठाणकोटच्या पुढे?" असं लिहिलेलं सापडतं आणि काही कळत नाही. नेटवर टाकायचं की नाही हे त्यांना दोनदा विचारा, एकदा मुलाखतीआधी आणि एकदा त्यांनी ती पूर्ण ऐकल्यावर.

मेडलं बघायला मिळाली तर हात धुऊन हातात घ्या आणि कडेने नीट बघा. आपल्याकडच्या बऱ्याच मेडलांच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. घरात सून हौसेने ब्रासो लावून दरवर्षी चकचकीत करते आणि ते कोरलेलं हळूहळू पुसत जातं, तेव्हा प्रेमाने सांगा की कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बास. मेडलांवरून गोष्टसुद्धा कळते. पश्चिमी स्टार असेल तर 1971 ला पश्चिम आघाडीवर, पूर्वी स्टार असेल तर बांगलादेशकडे, समर सेवा स्टार असेल तर 1965. कधी कधी आजोबा स्वतः साल विसरलेले असतात आणि छातीवरचं मेडल बरोबर सांगतं. फोटो लॅमिनेट करू देऊ नका, मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलने लिहा, आणि अस्सल फोटो "स्कॅन करून आणते" म्हणून घरी नेऊ नका, तिथेच बसून काढा. घराघरांतून असे गेलेले फोटो परत येत नाहीत, हा अनुभव खेड्यात सगळ्यांना आहे आणि त्यांचा संशय रास्तच आहे.

एक गोष्ट मात्र आधी करा, मुलाखतीच्याही आधी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. फौजेची पेन्शन आता स्पर्श नावाच्या सरकारी पोर्टलवर गेलीय, दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण जीवन प्रमाण या दाखल्याच्या सरकारी ॲपमध्ये पेन्शन देणाऱ्याच्या रकान्यात लोक सवयीने आपली बँक निवडतात आणि दाखला भलतीकडेच जातो. ज्यांची पेन्शन स्पर्शवर आहे त्यांनी तिथे स्पर्श, पीसीडीए पेन्शन असं निवडायचं असतं. म्हातारा म्हणतो मी केलं की, मोबाईलवर हिरवं टिकमार्क आलं, आणि पुढे कधीतरी पेन्शन थांबते. तुम्ही शेजारी बसून एवढं बघितलंत तरी गावात तुमचं नाव होईल. ओटीपी मात्र त्यांनीच टाकायचा, पासवर्ड तुमच्या वहीत नको. अंगठा लागत नसेल तर चेहऱ्याचा पर्याय वापरा किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा.

प्रश्न: आमच्या घरात पणजोबा पहिल्या महायुद्धात "बसऱ्याला" गेले ते आलेच नाहीत असं सांगतात. गावातल्या छोट्या संग्रहालयाला त्यांची माहिती द्यायचीय पण कागद एकही नाही.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: सातारकरांना हे काही नवं नाही. तुमच्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण मारले गेले. बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. मराठा पलटणी तिथे होत्या, तिथल्याच कुट गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांच्या सैन्यात 110वी मराठा लाइट इन्फंट्री होती आणि 29 एप्रिल 1916 ला ते सैन्य शरण गेलं, पुढे कैदेतही फार मेले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 मधल्या मृतांची यादी फुकट शोधता येते. नाव एकाच स्पेलिंगने शोधून सोडून देऊ नका. पवार, पोवार, जाधव, जाधो, गोऱ्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय. काही नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं, तेव्हा गावाचं नावही वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधून बघा. सापडलेल्या नोंदीचं पान छापून संग्रहालयाला द्या, आणि घरातली तोंडी आठवण वेगळ्या कागदावर, "घरात असं सांगतात" असं लिहून. दोन्ही एकत्र करू नका.

प्रश्न: आमच्या गावात एक आजोबा आहेत, पाच-सहा वर्षं फौजेत होते, पेन्शन नाही. एकजण म्हणतो पैसे द्या, मदत मंजूर करून देतो. खरंय का?
— कॉलेजचा विद्यार्थी, श्रीगोंदा

उत्तर: पैसे द्यायचे नाहीत. पेन्शन नसलेले हवालदार किंवा त्याखालचे माजी सैनिक, वय 65 पूर्ण, गरज असलेले, किंवा त्यांच्या विधवा, यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे आणि अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो, फी नाही. डिस्चार्ज बुक, आधार, बँक पासबुक घेऊन आजोबांना तिथे घेऊन जा. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर सर्व्हिस नंबर शोधा, जुन्या मेडलाच्या कडेवर, ट्रंकेवर पेंटने लिहिलेला, कुठेही मिळेल, मग संबंधित रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. आर्मर्डचे असतील तर रेकॉर्ड ऑफिस नगरलाच आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे असतील तर बेळगावला. आणि पैसे मागणाऱ्या त्या माणसाचं नाव गाव कार्यालयात सांगून ठेवा.